दिवसा बाक, रात्री बिछाना

छोट्या हत्तीचा हौदा आतून सात फूट दोन इंच लांब आणि चार फूट दहा इंच रुंद असतो. निदान आमच्या काकांच्या गाडीचा तरी तेवढाच आहे. टेप लावून मी स्वतः तो तीनदा मोजला आहे. २००५ साली टाटांनी ही एस नावाची चिमुकली मालवाहू गाडी बाजारात आणली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती करून टाकले. एवढ्या हौद्यात भेंडी-गवारीची पोती किती बसतात, कोबी किती, हे काकांना तोंडपाठ आहे. पण खुब्याचे हाड मोडलेला एक एक्याऐंशी वर्षांचा वारकरी, त्याची बायको, त्याची पोथी, त्याची वीणा आणि बारा दिवसांचे बिऱ्हाड त्यात कसे बसवायचे, हा हिशेब त्यांनाही नवा होता.

आमचे आजोबा एकेचाळीस वर्षे पायी आषाढी वारी करीत आले. गावच्या दिंडीचे ते विणेकरी. विणेकऱ्याने वीणा खाली ठेवायची नसते. थकला तर दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. २०२३ च्या मार्गशीर्षात आजोबा न्हाणीत घसरले. शस्त्रक्रिया झाली, खुब्यात धातूचा गोळा बसला, आणि डॉक्टरांनी सांगितले की यापुढे जमिनीवर बसायचे नाही, मांडी घालायची नाही, गुडघा खुब्याच्या वर जाईल अशा ठेंगण्या आसनावर तर मुळीच टेकायचे नाही. २०२४ ची आषाढी त्यांनी परसातल्या खुर्चीत बसून काढली. त्या बारा दिवसांत ते किती बोलले हे मोजायला दोन हातांची बोटे पुष्कळ झाली असती.

दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतोच. पण मुक्काम असतो तो शाळेच्या ओसरीत, देवळाच्या सभामंडपात, नाहीतर तंबूत, आणि तिथे सगळे खाली जमिनीवर. ज्याला खाली बसताच येत नाही त्याने वारीत करायचे काय? म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात काकांनी सुचवले की आपल्या गाडीत बसण्या-झोपण्याची सोय करू. आजोबा ताडकन म्हणाले, "गाडीतनं वारी? त्यापेक्षा एस.टी.चं तिकीट काढा की!" यावर आज्जीने तांदूळ निवडता निवडता एवढेच सांगितले, "तुम्ही आला नाहीसा तरी मी जाणार हाय." विषय मिटला.

आता वाचकांच्या मनात येईल की झोपायचीच सोय हवी तर हौद्यात एक खाट टाकली की झाले. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण दिंडीच्या गाडीचा दिवस कसा जातो तो पाहा. माणसे पहाटे निघतात आणि पंधरा-वीस किलोमीटर चालून संध्याकाळी मुक्कामाला पोहोचतात. गाडी तेवढे अंतर तासाभरात तोडते आणि उरलेला दिवस मुक्कामाच्या गावी उभी राहते. म्हणजे आजोबांना रात्री आठ तास झोपायचे, तर दिवसा तितकाच वेळ बसायचे. खाटेवर दिवसभर बसले तर पाठीला टेकू नाही, जेवायला ताट ठेवायला जागा नाही, आणि समोर आज्जीने बसायचे कुठे? बसायला बाक हवे, जेवायला मेज हवे, झोपायला बिछाना हवा. आणि तिन्ही एका वेळी मावतील एवढा हौदा नाही.

वडगावच्या आमच्या मिस्त्रींपुढे हे गाऱ्हाणे मांडले. ते कानडी, आम्ही मराठी. पण सुताराच्या कामाला भाषा टेपची. त्यांनी सगळे ऐकून घेतले, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "कूडाकू बेकु, मलगाकू बेकु." बसायलाही हवे, झोपायलाही हवे. "हंगारं रेल्वे मादरि माडोण." मग रेल्वेसारखे करू.

रेल्वेच्या डब्यातला बाजूचा खालचा बर्थ आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. दिवसा समोरासमोर दोन आसने, रात्री त्यांच्या पाठी खाली पाडल्या की एक फळी. आर.ए.सी.चे तिकीट ज्यांच्या नशिबी आले असेल त्यांना ही दोन आसने आणि त्यांच्यामधली फट चांगलीच परिचयाची असेल. कल्पना तशी जुनी. अमेरिकेत जॉर्ज पुलमन या गृहस्थाने १८६० च्या दशकात आपल्या झोपण्याच्या डब्यांतून समोरासमोरची आसने जुळवून खालचा बिछाना आणि छताजवळून उतरणारा वरचा बिछाना अशी योजना केली होती. पुढे त्याच देशात पिकअपच्या हौद्यात ठेवायची लाकडी-पत्र्याची छोटी घरे निघाली. त्यांत दोन बाकांमध्ये एक मेज असते आणि रात्री ते मेजच खाली उतरवून बाकांच्या पातळीवर आणले की बिछाना तयार होतो. मिस्त्रींनी पुलमनचे नाव ऐकलेले नव्हते; त्यांनी हुबळी-मिरज प्रवास केलेला होता, तेवढे त्यांना पुरले.

मात्र माप घेताना त्यांनी रेल्वे बाजूला ठेवली. आपल्याकडे दिवाण करतात तो बारा-तेरा इंचांच्या पेटीचा. आजोबांना त्यांनी खुर्चीत बसवले, पायांत चपला घालायला लावल्या, आणि गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप धरला. साडेसोळा इंच भरले. "याच्यापेक्षा वर पाहिजे, खाली नाही," असे म्हणून त्यांनी पेटी पंधरा इंचांची आणि तिच्यावर गादी चार इंचांची धरली. बसल्यावर गादी इंचभर दबणार, म्हणजे आसन अठरा इंच. गुडघा खुब्याच्या खालीच राहणार आणि उठताना मांड्यांवर जोर कमी येणार. पुढची सगळी मापे या अठरा इंचांतून निघाली.

लांबीचा हिशेब मला फार आवडला, म्हणून तो देतो. बिछाना चौऱ्याहत्तर इंचांचा हवा. दोन्ही बाक वीस-वीस इंच खोल. चाळीस गेले, चौतीस उरले. तेवढे मधले अंतर, आणि तेवढेच लांब मेज. आता मेज खाली उतरवले की लाकूड जुळते, पण मधल्या चौतीस इंचांवर गादी कुठून आणायची? तर पाठीला टेकायच्या ज्या दोन गाद्या, त्यांची उंची सतरा-सतरा इंच ठेवायची. रात्री त्या काढून मध्ये आडव्या टाकल्या की सतरा आणि सतरा चौतीस! जादा गादी नको, उरलेला तुकडा नको. त्या चारही गाद्यांची जाडी मात्र एकच हवी, नाहीतर माणूस पायरीवर झोपल्यासारखा झोपेल. मिस्त्रींनी हे गणित प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने मांडले होते. तो तुकडा मी जपून ठेवला आहे.

रुंदीवरून मात्र घरात दोन तट पडले. काकांचे म्हणणे, बिछाना हौद्याच्या पूर्ण रुंदीचा करावा, म्हणजे दोघेही वर झोपतील. मिस्त्री म्हणाले, "तडीरि. अज्जांना रात्री उठायला लागतं का नाही?" लागते, दोनदा, कधी तीनदा. पूर्ण रुंदीच्या बिछान्यावरून उतरायचे तर पायथ्यापर्यंत घसरत जायला हवे. नव्या खुब्याच्या माणसाला ते कसे जमावे? म्हणून बिछाना एका कडेला तीस इंचांचा, आणि दुसऱ्या कडेला चोवीस इंचांची मोकळी वाट. पाय खाली सोडले की थेट उभे राहता यावे आणि हाताला समोरच्या नळीचा दांडा लागावा. मग आज्जी? "मी वाटेत वाकळ टाकून झोपते. मला कुठं हाड मोडलंय?" तिने हे इतक्या सहज सांगितले की काकांना वाद घालायला जागाच उरली नाही.

उद्यमबागेतून चौकोनी नळीचा सांगाडा करून आणला, वर कमानी आणि ताडपत्री. त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. एक गोष्ट सांगायला हवी. गाडीची रचना नोंदणीपेक्षा वेगळी करायची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते, आणि काकांना वारीनंतर सोमवारी बाजार गाठायचा होताच. तेव्हा हे सारे घर सुटे केले. चार कोपऱ्यांना कड्या आणि त्यांना आवळायचे पट्टे. पट्टे सोडले की सहा माणसे ते उचलून खाली ठेवतात. चालत्या गाडीत मागे कोणी बसायचे नाही, हाही काकांचा नियम. आजोबा प्रवासात पुढे ड्रायव्हरशेजारी, आज्जी दिंडीत पायी.

मेज हा या सगळ्या कामाचा जीव. एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, तोही पाण्याला टिकणारा, आय.एस. ७१० चा शिक्का असलेला; कारण आषाढातला बेळगावचा पाऊस काही विचारून येत नाही. भिंतीकडच्या बाजूला एक सागवानी पट्टी, तिच्या खाचेत मेजाची कड अडकते. वाटेकडच्या बाजूला बिजागरीवर दुमडणारा एकच पाय. रात्री पाय दुमडायचा, कड खाचेतून उचलायची आणि मेज तसेच सरळ खाली आणून दोन्ही बाकांच्या तोंडाला आतून मारलेल्या पट्ट्यांवर ठेवायचे. या पट्ट्या पेटीच्या माथ्यापासून बरोबर पाऊण इंच खाली, म्हणजे मेज बसले की त्याची पाठ आणि पेटीचा माथा एका पातळीत येतो. पट्ट्यांना खिळे नाहीत. खिळा गाडीच्या हादऱ्याने हळूहळू वर येतो. फेव्हिकॉल लावून प्रत्येकी पाच स्क्रू.

मेजाची लांबी मिस्त्रींनी चौतीस इंच न ठेवता दोन्हीकडून एकेक सूत कमी कापली. सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी विचारले, एवढे नेमके मोजून मग फट का ठेवायची? ते म्हणाले, कडेची सागवानी पट्टी पावसात पाणी पिते, फुगते. आज घट्ट बसवले तर निपाणी-चिकोडीच्या पावसात ते मेज हातोडीनेही निघणार नाही, आणि अज्जांना सकाळी चहा उभ्याने घ्यावा लागेल. आमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात उष्णतेने होणाऱ्या प्रसरणावर एक प्रकरण आहे. ओलाव्याने होणारे प्रसरण मी वडगावात शिकलो.

दुसरी अडचण वजनाची. चौतीस इंच अंतरावर टेकलेला पाऊण इंची प्लाय, आणि उठताना माणूस बसतो तो नेमका त्याच्या मध्यावर, तेही कडेला. तो वाकणारच. म्हणून खालून कडेला दीड इंचाची सागवानी पट्टी उभी मारली. पण तेच मेज दिवसा वर असते, तेव्हा ही पट्टी मांडीला लागायला नको. मेजाची उंची अठ्ठावीस इंच. पाऊण इंच प्लाय आणि दीड इंच पट्टी वजा जाता पावणेसव्वीस. त्यातून आसनाचे अठरा गेले की पावणेआठ. आजोबांच्या मांड्या काही पैलवानाच्या नाहीत. पट्टी ठरली. मग मिस्त्री स्वतः मेजावर मधोमध बसले, मला शेजारी बसवले, आणि दोघांनी मिळून दोन-चार उड्या मारल्या. करकर झाली नाही.

फोमच्या गाद्या आल्या आणि रेल्वेतलाच जुना दोष वर आला. सांधे! बिछान्यात तीन सांधे पडतात, आणि मधला पडतो तो झोपणाऱ्याच्या बरोबर कमरेखाली. गाद्या कितीही चांगल्या असोत, रात्री अंग हलले की त्या बोटभर सरकतात आणि खुबा त्या फटीत जातो. यावर उपाय आज्जीकडे होता. तिने जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड वाकळ चौपदरी न घालता लांबच्या लांब दुपदरी पसरली आणि तिच्या कडा गाद्यांखाली खोचल्या. वाकळेचे टाके आडवे-उभे असल्यामुळे ती ताणत नाही, गाद्यांना जागच्या जागी धरून ठेवते. मिस्त्रींनी हात फिरवून पाहिला आणि मान डोलावली.

सगळे झाले असे वाटले तेव्हा आजोबा पहिल्यांदा आत चढले. तीन पायऱ्यांची शिडी, हाताला दांडा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे त्यांना पाठ झाले होते. बाकावर बसले. मेजावरून हात फिरवला. उठून पाहिले, पुन्हा बसले. मग मेज खाली करून दाखवा म्हणाले. आम्ही ते केले. त्यांनी बराच वेळ त्या फळीकडे पाहिले आणि विचारले, "सकाळी हिच्यावर ज्ञानेश्वरी ठेवायची, दुपारी हिच्यावर ताट, आणि रात्री हिच्यावरच मी ढुंगण टेकायचं?"

कोणीच बोलेना. मिस्त्रींनाही तेवढे मराठी कळत होते.

आज्जी बाहेरून म्हणाली, "आपल्या घरात काय निराळं होतं? एका खोलीत देव, तिथंच चूल, तिथंच तुमची पाच पोरं झाली." आजोबांना हे पटले नाही. मला दोघांचेही पटत होते. जागा तोकडी असली की एकाच वस्तूला तीन कामे करावी लागतात, हे आज्जीला साठ वर्षांच्या संसाराने शिकवले होते. आणि काही वस्तूंना एकच काम असावे, मग जागा असो वा नसो, हे आजोबांचे म्हणणे होते. गळ्यातली वीणा एकेचाळीस वर्षे जमिनीला लागू न देणाऱ्या माणसाचे म्हणणे दुसरे काय असणार?

मिस्त्रींनी पटाशी उचलली. ड्रायव्हरच्या केबिनकडच्या बाजूला, बाकाच्या वर हाताच्या उंचीवर, दहा इंच रुंद आणि अठरा इंच लांब अशी एक फळी भिंतीला कायमची मारली. ती दुमडत नाही, सरकत नाही, तिला दुसरे काम नाही. तिच्याखाली वीणेसाठी एक जाड खुंटी. आजोबांनी पोथी आणून ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मिस्त्रींना चहा विचारला.

या फळीने एक भानगड केली, ती चिकोडी यायच्या आधीच ध्यानात आली. पोथीकडे पाय करून झोपायचे नाही. म्हणजे डोके केबिनकडेच हवे. पण उत्तरेला डोके करूनही झोपायचे नाही. म्हणजे मुक्कामाला गाडीचे तोंड उत्तरेला असता कामा नये! पंढरपूर आम्हाला उत्तरेला. दिवसभर गाडी उत्तरेकडे हाकायची आणि मुक्कामाला तिचे तोंड फिरवायचे, हे काकांचे रोजचे काम झाले. शाळेच्या मैदानात, उसाच्या बांधावर, मोबाइलवर होकायंत्र लावून काका गाडी मागेपुढे करीत आणि आजोबा केबिनमधून सांगत, "अजून जरा पूर्वेला घे." मांजरीच्या पुलावरून कृष्णा ओलांडली, मिरज मागे पडले, कवठेमहांकाळपुढे पाऊस संपला आणि नुसता वारा उरला. मेज एकदाही अडकले नाही. संध्याकाळी दिंडी पोहोचली की आजोबा बाकावरून उठत, शिडी उतरत, वीणा गळ्यात घेत आणि हरिपाठाला उभे राहत. दिवसभर बसून असल्यामुळे त्यांचे पाय ताजे असायचे. चाळीस-पन्नास वर्षांची माणसे चालून दमलेली, आणि उभा हा म्हातारा! त्यांचा आवाज तिसऱ्या मुक्कामाला सुटला. त्याआधीचे दोन दिवस तो बसलेला होता.

दिवसा त्या मेजापाशी फार माणसे येऊन गेली. पायाला फोड आलेले, ताप आलेले, एकदा एक कवठ्याची बाई तान्ह्या मुलाला घेऊन. समोरच्या बाकावर बसवून आजोबा त्यांना चहा देत. सांगोल्याजवळ एका शेतकऱ्याने डाळिंबे आणून मेजावर ओतली आणि मेजाचा दुमडता पाय खाली बसून नीट पाहून घेतला.

आषाढी एकादशी ६ जुलैला होती. पंढरपुरात गाड्या गावाबाहेरच्या तळावर लावायच्या. तिथे एक पोरसवदा स्वयंसेवक शिट्टी वाजवीत होता आणि सगळ्या गाड्या ओळीने उभ्या करीत होता. ओळीतल्या साऱ्या गाड्यांची तोंडे उत्तरेला. काकांनी त्याला समजावून पाहिले. मागे शंभर गाड्या खोळंबलेल्या; तो कशाला ऐकतो? काका हात चोळीत आजोबांकडे आले.

आजोबा म्हणाले, "असू दे. आज कोण झोपतंय?"

त्या रात्री मेज खाली उतरलेच नाही. दुपारी दुरून कळस पाहून झाला होता. रात्री दिंडीतले चौघे आत आले, दोन-दोन बाकांवर, मी वाटेत, आज्जी पाण्याच्या ड्रमवर. मेजावर टाळ, चहाचे पेले आणि राजगिऱ्याचे लाडू. पहाटेपर्यंत भजन चालले. आजोबा कोपऱ्यात पाठ टेकून बसले होते आणि मधूनच मेजावर बोटांनी ठेका धरीत होते.

परत आल्यावर सहा माणसांनी ते घर उचलून गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली ठेवले. काकांच्या गाडीत पुन्हा भेंडी-गवार. लाकूड, फोम, मजुरी मिळून सव्वीस हजारांच्या आतबाहेर खर्च आला. एका बाकाच्या पेटीत आज्जीने मिरच्या भरून ठेवल्या आहेत आणि त्या वारीआधी काढणार नाही म्हणते. आजोबांनी मिस्त्रींना निरोप धाडला आहे की पुढच्या ज्येष्ठाआधी एकदा येऊन जावे. पोथीची आणखी एक फळी पलीकडच्या टोकालाही मारायची आहे.